टाकीत पेट्रोल आहे, तरी गाडी बंद का पडते? प्लग-इन हायब्रिडची गोष्ट

टाकी अर्धी भरलेली, इंजिन ठणठणीत, सर्व्हिसिंग वेळेवर झालेलं. तरीही गोव्यातल्या झुआरी पुलाच्या चढावर गाडीचा पिकअप एकदम जातो, डॅशबोर्डवर चार-पाच दिवे एकाच वेळी पेटतात आणि मागून हॉर्न सुरू होतात. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर प्लग लावून चार्ज करायची बॅटरीही असलेली गाडी, बाळगणाऱ्यावर अशी वेळ आली की तो पहिला प्रश्न विचारतो: पेट्रोल आहे ना, मग इंजिन का चालत नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. गाडी घेताना त्याला हेच सांगितलेलं असतं की हिला दोन जीव आहेत, बॅटरी संपली तर पेट्रोल आहे. बॅटरी *संपली* तर ते खरंच आहे. पण बॅटरी *बिघडली*, किंवा बिघडली असावी असा संशय गाडीच्या कॉम्प्युटरला आला, तर बऱ्याच प्लग-इन हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनही हात टेकतं. या दोन गोष्टींमधला फरक शोरूममध्ये कुणी समजावत नाही. तो समजला तर रस्त्यावरच्या पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं हेही कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाड्यांची जात नीट पाहू. गोव्यात हायब्रिड म्हणून दिसणाऱ्या बहुतेक गाड्या, म्हणजे इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटारा किंवा होंडा सिटीचं हायब्रिड मॉडेल, या प्लग लावून चार्ज होत नाहीत. हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीत एक युनिटभरही वीज मावत नाही; ती इंजिनावर आणि ब्रेक दाबताना भरत राहते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी साधारण १० ते २० युनिटांची असते, मोठ्या गाड्यांत त्याहून जास्तही. रात्री घरच्या सॉकेटला लावली की सकाळी ४०-५० किलोमीटर निव्वळ विजेवर जाता येतं, म्हणजे फोंड्याहून पणजीला आरामात पोचता येतं. भारतात या गाड्या अजून महागड्या वर्गातच आहेत: बीएमडब्ल्यू एक्सएम, पोर्शे कायेनचं ई-हायब्रिड, रेंज रोव्हरची काही मॉडेलं, व्होल्वोची जुनी एक्ससी ९० टी८. मात्र पुढे सांगतो त्यातलं बरंच काही हायक्रॉसवाल्यालाही लागू पडतं.

दोन बॅटऱ्या, आणि त्यांतली लहान जास्त महत्त्वाची

या गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठी, लिथियमची, सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी, साधारण साडेतीनशे व्होल्टची. भगव्या रंगाच्या जाड केबल दिसतात त्या हिच्या. दुसरी आपल्या ओळखीची १२ व्होल्टची, शिशाची. दिवे, हॉर्न, सेंट्रल लॉक, स्टिअरिंगची मदत, ब्रेकचा कॉम्प्युटर, इंजिनाचा कॉम्प्युटर असं सगळं या लहान बॅटरीवर.

मोठी बॅटरी बाकीच्या गाडीला कायमची जोडलेली नसते. मध्ये कॉन्टॅक्टर नावाचे दोन दणकट स्विच असतात. त्यांच्यात स्प्रिंग असते आणि ती स्विचला सतत उघडण्याकडे, म्हणजे जोड तोडण्याकडे, ओढते. १२ व्होल्टचा करंट कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून वाहत असेल तोवरच स्विच जोडलेला राहतो. एखाद्या माणसाने दुकानाचं शटर हातांनी वर धरून उभं राहावं तसंच हे: त्याने हात काढला की शटर खाली. रचना मुद्दाम अशी केलेली आहे. अपघात झाला, वायर तुटली, काहीही झालं तरी साडेतीनशे व्होल्ट आपोआप बॅटरीच्या पेटीत बंद व्हावेत आणि गाडीत अडकलेल्या माणसाला किंवा त्याला काढणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानाला शॉक बसू नये, हा तिचा हेतू. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते.

हे स्विच ऐकूही येतात. पहाटे, शेजारी अजून जागे झालेले नसताना, गाडीत बसून स्टार्टचं बटण दाबा आणि कान मागच्या सीटकडे लावा. इंजिन सुरू होत नाही, पण आधी एक ‘टक्’ आणि लगेच पाठोपाठ दुसरं ‘टक्’ असा आवाज येतो. आधी एक स्विच जोडला जातो, मग एका रेझिस्टरमधून थोडा करंट सोडून इन्व्हर्टरचे (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणाऱ्या भागाचे) कपॅसिटर भरून घेतले जातात, आणि मग मुख्य स्विच बसतो. सेकंदभरातला मामला. डॅशबोर्डवर ‘रेडी’ येतं ते त्यानंतर. गाडी बंद केल्यावर पुन्हा तसाच आवाज येतो, तो स्विच उघडल्याचा. गाडी चालत असताना हा आवाज येऊन पिकअप गेला, तर काय झालं ते ओळखायला आणखी पुरावा लागत नाही.

आता पेट्रोल इंजिनाकडे येऊ. साध्या गाडीत स्टार्टर मोटर असते आणि इंजिन फिरू लागलं की अल्टरनेटर १२ व्होल्टची बॅटरी भरतो. बऱ्याच प्लग-इन हायब्रिडमध्ये या दोन्ही वस्तू काढून टाकलेल्या असतात. इंजिन फिरवून चालू करण्याचं काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. लहान बॅटरी भरण्याचं काम मोठं व्होल्टेज उतरवून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो, आणि तोही वीज मोठ्या बॅटरीकडूनच घेतो. काही गाड्यांत तर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचायलाच विजेच्या मोटरची मदत लागते. म्हणजे कॉन्टॅक्टर उघडले की इंजिनाला चालू करणारं कुणी नाही, चालू असलं तर त्याची ताकद पुढे नेणारं कुणी नाही, आणि लहान बॅटरीला भरणारंही कुणी नाही. टाकीतलं पेट्रोल जागच्या जागी. काही मॉडेलमध्ये वेगळा १२ व्होल्टचा स्टार्टर ठेवलेला असतो; त्या गाड्या निदान रखडत तरी पुढे जातात. आपल्या गाडीत तो आहे का, हे गाडी घेतानाच विचारून घ्यावं.

कॉम्प्युटर हात कधी काढतो

सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे ती लहान बॅटरी.

साध्या गाडीत ती म्हातारी झाली की आधी सांगते. सेल्फ मारला की घर्र-घर्र करत जड आवाज येतो, आणि आपण म्हणतो, बॅटरीवाल्याला दाखवायला हवी. हायब्रिडमध्ये लहान बॅटरीला इंजिन फिरवायचंच नसतं. तिला फक्त कॉम्प्युटर जागे करायचे आणि कॉन्टॅक्टर धरून ठेवायचे, आणि एवढं काम अर्धमेली बॅटरीही करते. म्हणून ती शेवटच्या दिवसापर्यंत तक्रार करत नाही. एके दिवशी व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरतं, कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलेनासे होतात, आणि डॅशबोर्डवर ‘हायब्रिड सिस्टिम बिघडली’ असा मोठा इशारा येतो. मालकाच्या पोटात गोळा येतो की लाखोंची बॅटरी गेली. असते ती काही हजारांची.

गोव्यात याला एक खास कारण जोडलं जातं. इथे घरोघरी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, आहेत. जहाजावर गेले की सहा-नऊ महिने गाडी शेडमध्ये उभी. बंद गाडीतही अलार्म, चावीचा रिसीव्हर, मोबाईल नेटवर्कशी बोलणारं मॉड्यूल यांना थोडी थोडी वीज लागतच असते. लहान बॅटरी काही आठवड्यांत उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. नंतर चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही. त्यात आपला उष्मा. शिशाच्या बॅटरीचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा बॅटरीच्या धंद्यातला जुना हिशेब आहे. थंड देशात सहा वर्षं टिकणारी बॅटरी इथे तीन-चार वर्षांत थकली तर नवल नाही.

तपासणं सोपं आहे. एक मल्टिमीटर घ्या; हार्डवेअरच्या दुकानात पाचशे रुपयांच्या आसपास बरा मिळतो. गाडी बंद करून तीन-चार तास तशीच राहू द्या. मग १२ व्होल्टच्या बॅटरीवर लाल टोक अधिकला, काळं उणेला लावा. बॅटरी डिकीत असली तर बहुतेक वेळा बॉनेटखाली जंप देण्यासाठी वेगळी टोकं असतात, त्यांवरही चालतं. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर तिच्या भरवशावर चोर्ला घाट चढू नये. आता गाडी ‘रेडी’ करा आणि पुन्हा बघा: आकडा १३.५ ते १४.७ च्या दरम्यान चढायला हवा. चढला नाही, तर डीसी-डीसी कन्व्हर्टर काम करत नाही, आणि तुम्ही फक्त लहान बॅटरीच्या शिल्लक पुंजीवर गाडी हाकता आहात. हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोलाचा. तो डॅशबोर्डवर कायम दिसावा अशी सोय एखाद्या तरी कंपनीने करायला हरकत नव्हती. इंधनाचा सरासरी खप दोन दशांशांपर्यंत दाखवतात, मग हा आकडा का लपवतात, मला पटत नाही.

हा दुवा तुटला की काय होतं याचं उदाहरण इलेक्ट्रिक गाड्यांत जगभर दिसलं. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ मध्ये चार्जर आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर एकाच पेटीत असतात. ती पेटी बिघडली की लहान बॅटरी भरायची थांबते, आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हळूहळू ताकद गमावते. भारतातही २०२४ मध्ये ह्युंदाईने याच कारणासाठी १,७४४ आयोनिक ५ परत बोलावल्या.

दुसरं कारण मोठ्या बॅटरीच्या पोटातलं. तिच्यात साधारण साडेतीन-पावणेचार व्होल्टचे शंभरेक सेल एकामागे एक जोडलेले असतात. करंट सगळ्यांतून सारखाच वाहतो, त्यामुळे सगळ्यात कमकुवत सेल संपला की पूर्ण बॅटरी संपली. नव्याण्णव सेल चांगले असून उपयोग नाही. बॅटरीचा कॉम्प्युटर प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि ठिकठिकाणचं तापमान बघत असतो. एक सेल मर्यादेखाली गेला की तो आधी ताकद कमी करतो. बऱ्याच गाड्यांत तेव्हा कासवाचं चित्र येतं. व्होल्टेज आणखी घसरलं तर तो कॉन्टॅक्टर उघडतो.

इथे प्लग-इन हायब्रिडची एक जन्मजात अडचण आहे. ७५ युनिटांच्या इलेक्ट्रिक गाडीने १५० किलोवॉट ताकद मागितली तर बॅटरीवर तिच्या आकाराच्या दुप्पट भार येतो. १४ युनिटांच्या प्लग-इन हायब्रिडने १०० किलोवॉट मागितले तर तो भार सातपट होतो. शिवाय इलेक्ट्रिक गाडीवाला ८० वरून ५० टक्क्यांवर आणतो आणि पुन्हा लावतो. प्लग-इनवाला रोज पूर्ण भरतो आणि रोज तळ गाठतो. तीच रसायनं, पण राबणूक कितीतरी जास्त. म्हणून म्हाताऱ्या प्लग-इनमध्ये पिकअप जाण्याची तक्रार बहुधा चढावर, उन्हात आणि बॅटरी तळाला असताना येते. अनमोड किंवा चोर्ला चढायचा असेल तर पायथ्याशी पोचण्याआधीच ‘सेव्ह’ किंवा ‘होल्ड’ मोड लावून बॅटरीत तीस-चाळीस टक्के राखून ठेवावेत. घाट सुरू झाल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

सेल म्हातारा न होताही दगा देतो, तो कारखान्यातल्या दोषाने. सेलच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो, जाडी वीसेक मायक्रॉन, केसापेक्षाही पातळ. त्यात धातूचा कण राहिला, पडद्याला घडी पडली किंवा तो कुठे दुखावला, तर कधीतरी आतल्या आत शॉर्ट होतं. नशीब बरं असेल तर व्होल्टेज घसरतं आणि गाडी बंद पडते. नशीब वाईट असेल तर आग लागते. २०२० मध्ये युरोपात फोर्ड कुगा आणि बीएमडब्ल्यूच्या प्लग-इन गाड्या याच प्रकारच्या दोषासाठी परत बोलावल्या गेल्या, मालकांना चार्जिंग बंद ठेवायला सांगितलं गेलं. २०२५ च्या सुरुवातीला फोर्डने अमेरिकेत एस्केप आणि लिंकन कॉर्सेअरच्या सुमारे २० हजार प्लग-इन गाड्या बोलावल्या. त्या इशाऱ्यात धोका म्हणून आगीबरोबरच चालत्या गाडीची ताकद जाण्याचाही उल्लेख होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जीप रँग्लर आणि ग्रँड चेरोकीच्या प्लग-इन गाड्यांची पाळी आली, एकट्या अमेरिकेत सुमारे ३ लाख २० हजार. दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका आणि गाडी इमारतीपासून दूर, उघड्यावर उभी करा, असं मालकांना सांगण्यात आलं. आधीच्या रिकॉलमध्ये दुरुस्त होऊन आलेल्या गाड्याही पुन्हा त्या यादीत होत्या, ही गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. सॉफ्टवेअरने खराब सेल ओळखता येईल असं धरून चाललेली दुरुस्ती पुरेशी ठरली नाही.

वायरिंग आणि सॉफ्टवेअर यांचेही दोष असतात, ते थोडक्यात सांगतो. क्रायस्लर पॅसिफिकाच्या २०१७ ते २०२३ या मॉडेलवर्षांच्या सुमारे ६७ हजार प्लग-इन व्हॅन गिअरबॉक्सच्या वायरिंगमधल्या एका कनेक्टरसाठी परत बोलावल्या होत्या. तिथे शॉर्ट झालं की चालतं इंजिन बंद पडायचं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रँग्लरच्या प्लग-इन गाड्यांना इंटरनेटवरून एक अपडेट गेला, त्यानंतर काही गाड्यांची ताकद रस्त्यात चालतानाच गेली. कंपनीने तो अपडेट मागे घेतला. अपडेट आला की लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये, एक-दोन दिवस गावातल्या गावात चालवून बघावी, एवढा धडा त्यातून घेता येतो.

आपला पाऊस, आपलं मीठ

आता तिसरं कारण, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.

साध्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये उणे टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. मोठ्या बॅटरीचं कुठलंच टोक बॉडीला जोडलेलं नसतं. दोन्ही टोकं पूर्ण अलग. त्यामुळे एक वायर कुठे घासून बॉडीला लागली तरी करंटला परतीची वाट नसते आणि शॉक बसत नाही. पण दुसरीकडेही गळती झाली तर वाट पूर्ण होते, म्हणून पहिली गळती होताच ओळखणं गरजेचं. गाडी सतत मोजत राहते: बॉडी आणि मोठ्या बॅटरीमध्ये किती ओहमचा अडथळा आहे. आंतरराष्ट्रीय नियम असा की डीसी बाजूला व्होल्टमागे किमान १०० ओहम आणि एसी बाजूला ५०० ओहम असायला हवेत. अडथळा कमी झाला की दिवा लागतो. बऱ्याच गाड्या चालू प्रवास पूर्ण करू देतात, पण एकदा बंद केल्यावर पुन्हा ‘रेडी’ होत नाहीत. स्कॅनरवर याचा कोड बहुधा ‘पी०एए६’ असा येतो.

आणि हा अडथळा कमी कशाने होतो? ओल आणि मीठ. पावसाळ्यात सकाळी दिवा लागतो, दुपारी इंजिनाच्या उबेने सुकलं की विझतो, सर्व्हिस सेंटरला नेलं तर म्हणतात गाडीत काहीच नाही. असा दिवा खोटा समजू नये. कुठल्या तरी कनेक्टरच्या रबरी सीलमधून ओलावा आत जातो आहे. असा कनेक्टर उघडून पाहिला तर पितळी पिनांवर हिरवट-पांढरा थर दिसतो, बोटाने घासला तर पीठासारखा सुटतो. तो थर हवेतलं पाणी ओढून घेतो, म्हणून गाडी वरून कोरडी असली तरी आत ओली राहते. कनेक्टर उघडण्याचं काम मात्र हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण असलेल्या माणसाचंच. भगव्या केबलला घरी हात लावायचा नाही.

खाऱ्या पाण्याने काय होऊ शकतं याचा सगळ्यात बोलका दाखला अमेरिकेतला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यू जर्सीच्या बंदरावर समुद्राचं पाणी चढलं आणि तिथे उभ्या असलेल्या फिस्कर कर्मा या १६ प्लग-इन हायब्रिड जळाल्या. सगळ्यांनी बोट लिथियम बॅटरीकडे दाखवलं. कंपनीच्या तपासात कारण निघालं ते वेगळंच: एका गाडीतला १२ व्होल्टवर चालणारा कंट्रोल युनिट काही तास खाऱ्या पाण्यात बुडाला होता, मिठाने आत शॉर्ट झालं, लहान बॅटरीने त्यात करंट ओतला, आणि वाऱ्याने आग शेजारच्या गाड्यांवर नेली.

आपल्याकडे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधावरचे रस्ते आहेत, चोडण-दिवाडी बेटांच्या फेरीचे धक्के आहेत. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की तिथलं पाणी गोडं नसतं. मोठ्या बॅटरीची पेटी सहसा मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी बांधलेली असते, पण ती नवी असताना. पाच-सात पावसाळे पाहिलेल्या सीलचा तेवढा भरवसा धरू नये. गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली, तर पाणी ओसरल्यावर चालू करून बघायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, घराच्या पोर्चमध्येही आणायची नाही. उघड्यावर ठेवून फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रक, बोलवायची. धोका लगेच दिसत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत शेव्हरले व्होल्टची अपघात-चाचणी घेतली, तिच्या बॅटरीवर कूलंट गळलं, आणि गाडीने पेट घेतला तो तब्बल तीन आठवड्यांनी, आवारात नुसती उभी असताना.

गळतीचं आणखी एक कारण एसीच्या गॅरेजमधून येतं आणि त्याबद्दल फारच कमी लोकांना ठाऊक आहे. हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही. त्याची मोटर मोठ्या बॅटरीवर चालते आणि ती मोटर कॉम्प्रेसरच्या तेलातच बुडालेली असते. म्हणून ते तेल वीज न वाहणारं, पीओई जातीचं लागतं. साध्या गाडीत चालणारं पीएजी तेल त्यात थोडं जरी मिसळलं तरी अडथळा घसरतो आणि तोच ‘पी०एए६’ हजर. एप्रिल-मेमध्ये एसी थंड करत नाही म्हणून आपण जवळच्या गॅरेजमध्ये गॅस भरून घेतो. मेस्त (मेकॅनिक) मशीनमधलं नेहमीचं तेल गॅसबरोबर सोडतो, त्याचा त्यात दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. गाडी हायब्रिड आहे आणि तिला पीओई तेल लागतं, हे आपणच आधी सांगायचं. चूक झाली तर कॉम्प्रेसरसकट पूर्ण लाइन बदलावी लागू शकते.

चार्जिंगच्या सॉकेटबद्दल एवढंच: जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं आणि चिऱ्याच्या जमिनीतला अर्थ-पिट उन्हाळ्यात कोरडा पडतो. चार्जर मध्येच बंद होतो, ईएलसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो, तेव्हा बऱ्याच वेळा दोष गाडीत नसून भिंतीत असतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, एक्स्टेंशन बोर्डवर गाडी लावू नका.

ताकद गेली त्या क्षणी

स्टिअरिंग आणि ब्रेक लगेच जात नाहीत. लहान बॅटरीत जीव असेपर्यंत त्यांची मदत चालू राहते, काही मिनिटं तरी. म्हणून गाडीला वेग आहे तोवरच हॅझर्ड लावा आणि डावीकडे सरका. हा वेग तुमच्याकडची एकमेव पुंजी आहे. मधल्या लेनमध्ये ब्रेक दाबून ती घालवू नका. थांबायचं ठरलं की ब्रेक एकदाच, घट्ट, दाबून धरा. उचल-दाब करत राहिलात तर ब्रेकची मदत लवकर संपते. मोटरचा रोध गेलेला असतो, त्यामुळे पेडल नेहमीपेक्षा वेगळं लागेल, घाबरू नका.

गाडी बाजूला आली की आधी नाक आणि कान वापरा. सीटखालून फसफस आवाज, पांढरा धूर, गोडसर किंवा सॉल्व्हंटसारखा वास यांपैकी काहीही असेल तर सामानाचा विचार न करता सगळ्यांना उतरवा, चांगलं लांब जा आणि ११२ ला फोन करा. फोनवर गाडी हायब्रिड आहे हे जरूर सांगा, कारण लिथियमच्या आगीला पाणी खूप जास्त लागतं आणि ती विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटू शकते.

तसं काही नसेल तर लोकांना रस्त्याच्या डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा, त्रिकोण मागे लांब ठेवा. डॅशबोर्डचा फोटो काढा. पुढे हे दिवे विझतात आणि पुरावा राहत नाही. मग गाडी पूर्ण बंद करून, दारं लावून, पाच-दहा मिनिटं थांबा आणि एकदाच चालू करून बघा. झाली तर सरळ घरी किंवा गॅरेजमध्ये; नाही झाली तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, लहान बॅटरी त्यातच संपते. ती संपली की इलेक्ट्रॉनिक गिअर न्यूट्रलमध्ये जात नाही आणि हँडब्रेक सुटत नाही, मग क्रेनवाल्याचेही हाल.

टोचन करून मात्र नेऊ देऊ नका, रस्त्यावरचा माणूस कितीही आग्रह करो. बऱ्याच हायब्रिडमध्ये चाकं मोटरला जोडलेली असतात; चाकं फिरली की मोटर वीज तयार करू लागते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. चारही चाकं उचलणारी फ्लॅटबेडच मागवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर मदत मिळते.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर ‘चेक करून क्लिअर केलं’ एवढ्यावर गाडी ताब्यात घेऊ नका. कोड पुसण्याआधी त्यांची छापील यादी मागा, आणि बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही: तेव्हा लहान बॅटरीचं व्होल्टेज किती होतं, मोठ्या बॅटरीतल्या सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजच्या सेलमध्ये फरक किती होता, इन्सुलेशनचा अडथळा किती होता. हे तीन आकडे मिळाले की दोष तीन कारणांपैकी कुठला ते बहुतेक वेळा कागदावरच दिसतं. मोठ्या बॅटरीला कंपन्या सहसा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, आणि वॉरंटीच्या दाव्यात हाच कागद उपयोगी पडतो. सेकंड हँड घेत असाल तर सौदा करण्याआधी याच तीन आकड्यांचा रिपोर्ट मागा, चॅसिस नंबरवर रिकॉल बाकी आहे का ते कंपनीकडून तपासून घ्या, आणि डिकीतलं कव्हर उचलून लहान बॅटरीवरची तारीख बघा. चार वर्षं उलटून गेली असतील तर तिच्या किमतीएवढे पैसे कमी करून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात ती बदलून टाका.